भाकरी थापणारीला विचारा

सासरच्या गावात माझं नाव ‘कुत्र्यांची सून’ असं पडलं होतं. ठेवणाऱ्यांना वाटायचं, मी लाजेन, रडेन, निदान नवऱ्याला पत्रात कळवीन. मी काहीच केलं नाही. बहात्तरच्या दुष्काळात माणसं बैल विकून खडी फोडायला जात होती आणि कुत्री मागे राहत होती. त्या कुत्र्यांना घरं शोधून देणारी गावात मी एकटीच होते. मग नाव दुसऱ्या कुणाचं पडणार?

आमचं गाव काष्टीच्या बाजाराला पायी जाता येईल एवढ्या अंतरावर. सासरे बैलांचे दलाल. शनिवारी पहाटेच रुमाल खांद्यावर टाकून निघायचे आणि दिवसभर त्या रुमालाखाली लोकांची बोटं धरून सौदे करायचे. लांबचं गिऱ्हाईक असलं की जोडी रात्रीपुरती आमच्या दावणीला येई आणि गिऱ्हाईक ओसरीवर चहाला. नवरा पलटणीत, वर्षाकाठी एकदा दिसणारा. घरात आम्ही तिघंच, सासरे म्हणजे मामा, सासूबाई म्हणजे आत्याबाई, आणि मी. भाकरीचं पीठ आत्याबाईंनी मला कधी हातात घेऊ दिलं नाही. धुणं, पाणी, शेण, सारवण माझ्याकडे, परात त्यांच्याकडे. बोलणं मात्र त्यांच्याकडे फारसं नव्हतंच. मामा जे म्हणतील त्यावर त्या चुलीत एक लाकूड सारायच्या, आणि ते लाकूड म्हणजेच होकार असं आम्ही सगळे धरून चालत होतो.

कुत्र्यांचं कसं झालं ते सांगते. गाडीखालून चालणारं कुत्रं सगळ्यांनी पाहिलेलं असतं. जामखेडकडची माणसं बाजाराला यायची ती सगळा संसार गाडीत घालून. चारा नाही म्हणून बैल विकायचे, ओढायला बैल नाहीत म्हणून गाडीही मिळेल त्या भावानं फुंकायची आणि कामावर जाणाऱ्या ट्रकमध्ये चढायचं. कुत्र्याला ट्रकमध्ये कोण घेणार? दोन्ही चाकांमधल्या सावलीत चालत आलेलं ते जनावर मग बाजारात दुसऱ्यांच्या गाड्यांखाली जाऊन बसायचं. प्रत्येक गाडीखाली त्याला दगड बसायचा. शनिवार संपला की ही कुत्री माणसांच्या मागे मागे आमच्या गावात यायची, कारण दुसरीकडे जायचं कुठे हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

मी पहिलं कुत्रं दिलं ते गावातल्याच एका गाडीवानाला. काळं, धिप्पाड, स्वभावानं गरीब. आमच्याकडे रीत अशी की नवं कुत्रं घराला लागावं म्हणून भाकरीचा तुकडा काखेत धरायचा, घाम लागू द्यायचा आणि मग तो त्याला चारायचा. त्या वासाला कुत्रं जन्मभर चिकटतं म्हणतात. गाडीवानानं मोठ्या हौसेनं, चारचौघांसमोर, आपल्याच काखेत तुकडा धरला आणि चारला. सगळे वाहवा म्हणाले. आता गडी दिवसभर गाडीवर, आज काष्टी, उद्या दौंड. कुत्रं चिकटलं ते त्याला, घराला नाही. तिसऱ्या खेपेला त्याच्या मागे गेलं आणि दौंडच्या गर्दीत हरवलं. गाडीवान म्हणाला, “कुत्रंच वंगाळ निघालं.” कुत्रं नव्हतं वंगाळ. काख चुकली होती.

मग दुसऱ्याही घरी तेच, तिसऱ्याही घरी तेच. कुत्रं आणायचं ठरवणार पुरुष, काखेत तुकडा धरणार पुरुष, मिशीवर ताव देणार पुरुष. आणि त्याला रोज खायला घालणार कोण? घरात सगळ्यांच्या मागून जेवणारी बाई. त्या वर्षी रेशनवर तांबडा मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, मिळायचा, त्याची भाकरी तव्यावर जाईपर्यंत चिरायची. तीही मोजूनमापून. अशा घरात कुत्र्याचा तुकडा निघायचा तो बाईच्या ताटातून निघायचा, आणि ताटाची मालकीण सोडून गावातल्या सगळ्यांची त्याला संमती असायची.

तेव्हा मी ठरवलं, ह्यापुढे कुत्रं द्यायचं ते भाकरी थापणारीला विचारून. ती हो म्हणाली तर काखेत तुकडा तिनंच धरायचा. ती नाही म्हणाली तर मालक गावचा पाटील असला तरी कुत्रं मिळणार नाही.

लोक हसले. “नवरा पलटनीत आन् ही हितं लष्कराच्या भाकऱ्या भाजती,” असं पाणवठ्यावर ऐकू येईल इतक्या मोठ्यानं म्हणायचे. मी म्हणायचे, भाजते, तुमचं सरपण जळतंय का? पण माझी रीत चालली. सतत भुंकणारं एक कुत्रं होतं, ते कुणालाच नको होतं. ते मी वेशीबाहेर एकट्या राहणाऱ्या बाईकडे नेलं. ती म्हणाली, “भुंकू दे गं बाई, घरात कुनाचा तर आवाज हुईल.” एक चोरटं होतं, झाकण उघडून खाणारं. ते पोरांनी भरलेल्या घरी दिलं, जिथं सांडलेलंच इतकं असायचं की चोरायची वेळ येऊ नये. तिथली बाई म्हणाली, बरं झालं, झाडायचं वाचलं. आणि ज्या घरी बाईनं नुसती मान खाली घातली, तिथून मी कुत्रं परत आणलं. खाली घातलेल्या मानेला आपल्याकडे होकार समजतात. मी नाही समजले. माझ्या लग्नात माझीही मान खालीच होती.

मामांना हे सगळं म्हणजे घराण्याला लागलेला डाग वाटे. मी एकदा म्हटलं, “मामा, तुमी बैलाला गिऱ्हाईक बघता, मी कुत्र्याला घर बघती. धंदा एकच हाय.” त्यांनी पागोटं काढून बाजेवर आपटलं.

त्र्याहत्तरचा उन्हाळा लागला आणि चाऱ्यावाचून जनावरं मरायला लागली. मेलेली जनावरं गावाबाहेर टाकत तिथं कुत्री जमू लागली. एक दिवस ओढ्याच्या अंगाला बांधलेल्या वासराला कुत्र्यांनी फाडलं. वासराचे हाल मी पाहिले होते, त्यामुळे गाव चिडलं ह्यात मला नवल वाटलं नाही. कोतवालानं दवंडी दिली, की येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी मोकाट कुत्र्यांना औषध घालणार, ज्याचं कुत्रं असेल त्यानं गळ्यात दोरी घालून दारात बांधावं आणि आपलं म्हणून सांगावं. औषध म्हणजे विष, हे सांगायला नको.

मी त्या आठवड्यात चप्पल झिजवली. एकेक करून बहुतेक कुत्री दोरीला लागली. राहिली ती तांबडी.

तांबडी कुत्री होती, म्हणजे मादी. आमच्याकडे कुत्रा पाळतात. कुत्री दारात आली की “पिल्लं घालंल” म्हणून हाकलतात. त्यातून ती वयात आलेली, एक कान फाटलेला, आणि मेलेल्या जनावरांपाशी तिला लोकांनी पाहिलेलं. “मढ्याला चटावलेली हाय,” एवढं एक वाक्य तिला पुरलं. आमच्या उकिरड्याच्या कडेला ती पडून असायची. शेळ्या तिच्या अंगावरून जायच्या तरी मान उचलायची नाही. मी मामांना विचारलं, आपल्या दारात बांधू का. ते म्हणाले, “लोकांची जोडी माझ्या दावनीला असती. उद्या खोंडाला डसली तर मी काय तोंड दाखवू?” हे त्यांचं खोटं नव्हतं. धंद्यात त्यांचा शब्द हेच भांडवल होतं. पण तांबडीनं काय करायचं, हे त्यात कुठे नव्हतं.

त्या शनिवारी मामा एका बागायतदाराला घेऊन आले. देवळाली प्रवरेकडचे, उसाचे मालक. दुष्काळात बैल मातीमोल झालेले, त्यामुळे हे दर शनिवारी जीप घेऊन यायचे आणि आमच्याकडच्या उत्तम जोड्या घेऊन जायचे. माणूस वाईट नव्हता, हसरा होता. पोट भरलेलं असलं की हसायला कष्ट पडत नाहीत. चहा पिता पिता त्यांची नजर तांबडीवर गेली.

“ही कुनाची? तरनी दिसती. छाती बी बरी हाय. द्या आमाला. वस्तीवर राखन करील. पाटाचं पानी हाय, दूधदुभतं हाय, काय कमी न्हाई पडायचं.”

मामांचा चेहरा उजळला. “न्या की पाव्हनं, आमची बी कटकट मिटंल.”

मी दाराआडून ऐकत होते. पदर डोक्यावर घेतला आणि बाहेर आले.

“तशी न्हाई द्यायची,” मी म्हटलं. “तुमच्या घरी भाकरी कोन थापतं?”

बागायतदार कपबशी धरून माझ्याकडे पाहत राहिले. “आमची मंडळी. का वो, सूनबाई?”

“मग त्यास्नी इचारा. न्हाईतर हितंच घेऊन या. त्या व्हय म्हनल्या तरच कुत्री मिळंल.”

मामा उठून उभे राहिले. “आगं, त्यांच्या घरी रोज बारा गडी जेवत्यात! एका कुत्रीचं काय घिऊन बसलीस?”

“बारा जेवत्यात म्हनून तर इचारायचं. तेरावं पान कोन वाढनार हाय?”

बागायतदारांना हे फार मजेशीर वाटलं. मांडीवर थाप मारून म्हणाले, “आनतो, पुढल्या शनवारी आनतो तिला जीपमदनं. बघू तरी न्हाई म्हनती का. आमच्या घरात न्हाई म्हनायची रीतच न्हाई.” आणि हसत हसत, जोडी ठरवून, ते निघून गेले.

त्या आठवड्यात मामा माझ्याशी बोलले नाहीत. समोर मी असताना आत्याबाईंना सांगायचे, “तिला म्हनावं बादली कुटं ठिवली.” मी परस्पर सांगायचे, आडाजवळ. गावाचं म्हणणं एकच होतं, की राजाचं घर चालून आलं होतं आणि ह्या बयेनं लाथाडलं. विष आणि दूध ह्यांत निवडायचं होतं आणि ही पंचाईत करत बसली. मला भीती वाटत नव्हती असं नाही. रात्रंदिवस वाटत होती. ती बाई नाही म्हणाली तर रविवारी तांबडी मरणार, हे मला दिसत होतं. पण सोपं होतं तोवर नियम गरिबांच्या बायकांना लावला आणि जीपवाला आला की गुंडाळून ठेवला, असला पुढारीपणा मला करायचा नव्हता. गरीब बाईला नाही म्हणायचा हक्क आणि श्रीमंत बाईला नाही, असं कसं? आणि मनातल्या मनात मला खात्री होती की ती हो म्हणेल. इतकं दूध असलेल्या घरात कोण नाही म्हणेल?

शनिवारी जीप आली. बागायतदारांनी खरंच बायकोला आणलं होतं. भारी लुगडं, गळ्यात पुतळ्यांची माळ, आणि चेहरा मात्र दूरच्या लग्नाला जबरदस्तीनं आणलेल्या पाहुणीसारखा. जत्रा असल्यासारखी शेजारपाजारची माणसं आमच्या अंगणात जमली. मी तांबडीला दोरी धरून पुढे आणली. ती शेपटी हलवत दोन पावलं गेली, तशी ती बाई मागे सरली आणि तिनं जीपचा दांडा घट्ट पकडला.

मी विचारलं, “आक्का, हिला तुमच्या घरी न्यायचं म्हनत्यात. खायला तुमच्या हातचं. न्यायची का?”

“सांग, सांग,” बागायतदार म्हणाले. “लाजतीस कशाला?”

ती दोरीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “न्हाई.”

ते हसले. त्यांना वाटलं, थट्टा चालली आहे.

“न्हाई म्हनलं ना,” ती म्हणाली. “मला कुत्र्याचं लई भ्या वाटतं. ल्हानपनी डसलंय, अजून वळ हाय. घरात दोन हायेत तुमची. ताट टाकायला जाती तवा रोज माझ्या पायात गोळं येत्यात.”

बागायतदारांचं हसू तोंडावरच राहिलं. “आगं, मग आजवर बोलली न्हाईस?”

“आजवर इचारलं कुनी?”

मग ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, “राग नगं मानू, पोरी. कुत्री गुनाची दिसती.”

“राग कशाचा, आक्का,” मी म्हटलं. “न्हाई म्हनता येत नसंल तर इचारायचं कशाला?”

बोलले खरी, पण दुसऱ्याच दिवशी रविवार होता. मी तिला तोंड उघडायला लावलं होतं आणि त्याची किंमत माझ्या हातातल्या दोरीच्या टोकाला बसून जीभ काढून बघत होती. मामा हळू आवाजात म्हणाले, “झालं समाधान? आता उद्या घाल तिला तुझ्या हातानं औषध.” शेजारचा कुणीतरी हसला. मला त्या हसणाऱ्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि त्याच वेळी रडूही येत होतं. दोन्ही आवरून मी उभी राहिले.

तेवढ्यात मागून आवाज आला, “मला कुटं इचारलंस?”

आत्याबाई दारात उभ्या होत्या. दोन्ही हात कोपरापर्यंत पिठाचे. चारचौघांत त्यांचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

“तू आत जा,” मामा म्हणाले.

त्या गेल्या नाहीत. माझ्याकडेच बघत म्हणाल्या, “साऱ्या गावच्या बायकास्नी इचारत हिंडतीस. ह्या घरात भाकरी कोन थापतं?”

“तुमी, आत्याबाई.”

“मग इचार की.”

मी विचारलं. “आत्याबाई, हिला ठिवायची का?”

“व्हय,” त्या म्हणाल्या. “ऱ्हाऊ दे.”

मामा पुढे झाले. “आगं, दावनीला लोकांची जनावरं असत्यात, कळतं का तुला?”

“दावन तुमची. चूल माझी. चुलीपाशी बांधीन,” आत्याबाई म्हणाल्या, आणि माझ्या हातातली दोरी पिठाच्या हातानं घेऊन आत गेल्या. तांबडी मुकाट मागे गेली. बागायतदारांची बायको तिकडे पाहत होती. जीपमध्ये बसताना तिनं नवऱ्याला काहीतरी सांगितलं, मला ऐकू आलं नाही, पण ह्या वेळी मान त्यांनी खाली घातली होती.

मामा त्या दिवशी जेवले नाहीत. आत्याबाई जेवल्या. मी शेजारी बसून त्यांना वाढलं.

रविवारी उन्हं वर यायच्या आत कोतवाल आला. बरोबर दोघं जण, एकाच्या हातात झाकणाचा डबा. दारोदार थांबून ते दोरीतली कुत्री बघत होते. दवंडीप्रमाणे तेवढ्यापुरती दारात बांधलेली तांबडी पाहून कोतवाल थबकला. तिची कीर्ती त्यालाही ठाऊक होती. मामा अंगणात एका खोंडाची शिंगं तासत बसले होते. कोतवालानं त्यांनाच विचारलं, “दलाल, ही तुमची का? पंचायतीत नाव सांगावं लागतं.”

मामांनी तासणी थांबवली. आपली म्हणायला जीभ रेटेना, आणि नाही म्हणाले तर डबा उघडणार. ते शिंगाकडेच बघत राहिले. मी तोंड उघडणार तोच आत्याबाई उंबऱ्यावर आल्या.

“त्यांची न्हाई. माझी हाय.”

त्या घराच्या उताऱ्यावर मामांचं नाव होतं. शेतावर मामांचं नाव होतं. मुलगा जन्माला आला तो मामांच्या नावानं आणि पुढे गेला सरकारकडे. चुलीपाशी रचलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांवरसुद्धा, ज्यांना त्या रोज राखेनं घासायच्या, मामांचंच नाव कोरलेलं होतं. ‘माझी’ हा शब्द त्या बाईच्या तोंडून कुठल्याही वस्तूबद्दल, प्राण्याबद्दल, माणसाबद्दल मी तोवर ऐकला नव्हता.

कोतवाल गोंधळला. गावात सगळे आत्याबाईंना ‘दलालीण’ म्हणायचे, नाहीतर पलटणीतल्या पोराची आई. “व्हय, पर पंचायतीत कुनाचं नाव सांगू?” त्यानं विचारलं.

“माझं सांग.”

“तुमचं नाव काय?”

आत्याबाईंनी सांगितलं. मोठ्यानं, शेजारच्या दोन घरांत ऐकू जाईल असं. खोंडाजवळ बसलेल्या मामांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. ते नाव मी इथं लिहिणार नाही. ते सांगणं त्यांचं होतं, आणि त्यांनी ते स्वतः सांगितलं होतं.